नाशिक विरुद्ध मराठवाडा: गोदावरीच्या पाण्याचा वाद दर दुष्काळात का पेटतो?

पावसाळ्यात नाशिकला पूर किती आलाय हे विचारायचं असेल, तर कुणी क्युसेकचा आकडा विचारत नाही. "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय?" एवढंच विचारतात. कमरेपर्यंत, छातीपर्यंत की गळ्यापर्यंत? गोदाघाटावरची ही मूर्ती म्हणजे शहराची पूर मोजायची पट्टी.

त्याच वेळी पैठण, छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसराच प्रश्न फिरत असतो: "नाथसागर किती टक्के?"

आमच्या फॅमिली ग्रुपवर हे दोन्ही प्रश्न एकाच दिवशी येतात, कारण घर नाशिकचं आणि आजोळ वैजापूरचं. चांगला पाऊस झाला की दोन्हीकडून हात जोडलेल्या इमोजी येतात. पाऊस कमी झाला की दिवाळीच्या आसपास ग्रुपवर शांतता पसरते, कारण तेव्हा बातमी आलेली असते: "नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचे आदेश."

हा आदेश कोण देतं? कोणत्या नियमाने? नाशिकचा राग कशावर आहे आणि मराठवाड्याचं म्हणणं काय आहे? एकाच राज्यातल्या दोन विभागांमधलं हे भांडण मिटत का नाही? एकेक मुद्दा समजून घेऊया.

थोडक्यात

• गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. अहिल्यानगर जिल्ह्याला स्पर्श करत ती पैठणला पोहोचते. तिथे जायकवाडी धरण आहे, त्याचा जलाशय म्हणजे नाथसागर.
• २००५ च्या कायद्यानुसार टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांनी तूट वाटून घ्यायची असते. यालाच 'समन्यायी पाणीवाटप' म्हणतात.
• जायकवाडीतला साठा १५ ऑक्टोबरला ठरलेल्या पातळीपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. २०१४ च्या आदेशानुसार ही पातळी ६५ टक्के आहे.
• २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये असे आदेश निघाले. तिन्ही वेळा आंदोलनं झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं.

आधी आकड्यांची भाषा

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. लिटरमध्ये सांगायचं तर साधारण २,८३१ कोटी लिटर. पाटबंधारे खात्याच्या कागदावर 'दलघफू' असंही लिहिलेलं असतं, म्हणजे दशलक्ष घनफूट. १,००० दलघफू म्हणजे १ टीएमसी.

क्युसेक हा पाण्याचा वेग झाला: एका सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय. "धरणातून १० हजार क्युसेक विसर्ग" ही पोस्ट वाचून धरण रिकामं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात १० हजार क्युसेकने पूर्ण २४ तास पाणी सोडलं तरी एक टीएमसी भरत नाही. त्यासाठी दिवसभर साधारण ११,५७४ क्युसेक विसर्ग लागतो.

आता धरणं. नाशिक शहराची तहान भागवणारं गंगापूर धरण साधारण साडेपाच टीएमसीचं आहे. इंग्रजांच्या काळातलं दारणा साधारण सात टीएमसीचं. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेवरचं भंडारदरा ११ टीएमसीचं, तर मुळा धरण २६ टीएमसीचं.

आणि जायकवाडी? एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी. त्यातला वापरता येण्यासारखा, म्हणजे 'जिवंत' साठा ७६ टीएमसीच्या वर. उरलेला सुमारे २६ टीएमसी 'मृतसाठा' असतो, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालचं पाणी. गंगापूरसारखी अठरा धरणं एका नाथसागरात मावतील.

इतकं मोठं धरण पैठणला का बांधलं?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. तोपर्यंत दारणा, भंडारदरा या धरणांवर नाशिक-नगरचे कालवे कित्येक वर्षं वाहत होते आणि त्यांच्या पाण्यावर नगरमधली साखर कारखानदारी उभी राहत होती. मराठवाड्यात तसं काहीच नव्हतं.

ही दरी भरून काढायची म्हणून जायकवाडी आलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. प्रकल्पाच्या मागे ठाम उभे राहिलेले नेते होते शंकरराव चव्हाण. संभाजीनगर आणि जालना शहरांचं पिण्याचं पाणी, औद्योगिक वसाहती, शिवाय बीड आणि परभणीपर्यंतची शेती असा सगळा भार या एका धरणावर आहे.

अडचण मूळ हिशेबातच होती. पैठणपर्यंत नदीत किती पाणी येईल याचा अंदाज धरला गेला. त्यातलं सुमारे ११५ टीएमसी वरच्या भागासाठी आणि सुमारे ८१ टीएमसी जायकवाडीसाठी असं नियोजन झालं. पुढे दोन गोष्टी घडल्या. वरच्या बाजूला धरणं वाढत गेली आणि नदीत प्रत्यक्ष येणारं पाणी अंदाजापेक्षा कमी निघालं. कागदावरचा जमाखर्च जुळत होता, नदीतला जुळेना.

जायकवाडी पर्जन्यछायेत आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. धरणाच्या आसपास पडणाऱ्या पावसावर ते भरत नाही. त्र्यंबक आणि इगतपुरीत पाऊस कोसळला, वरची धरणं भरली आणि त्यांनी दरवाजे उघडले, तरच नाथसागर भरतो.

कायदा नेमकं काय सांगतो?

२००५ मध्ये राज्यात महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला. त्यातलं कलम १२(६)(क) या वादाच्या केंद्रस्थानी आहे. त्याचा अर्थ सोपा आहे: खोऱ्यात टंचाई असेल तर ती सगळ्यांनी सारखी सोसायची. त्यासाठी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांमधल्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं नियंत्रण ठेवायचं.

कलम आलं, पण ते अमलात कसं आणायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. २०१२ च्या दुष्काळाने तो प्रश्न ऐरणीवर आणला. २०१३ मध्ये हि. ता. मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने एक सूत्र दिलं आणि सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्यावर आधारित आदेश काढला.

सूत्र ढोबळमानाने असं आहे:

१. दरवर्षी १५ ऑक्टोबरला जायकवाडी आणि वरच्या धरणांमधल्या साठ्याचा हिशेब होतो. खरिपात वापरलेलं पाणीही त्यात धरतात.
२. जायकवाडी ६५ टक्क्यांच्या वर असेल तर विषय संपला, वरून पाणी सोडायची गरज नाही.
३. त्याखाली असेल तर वरच्या धरणांचे पाच समूह तपासले जातात: मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा आणि पालखेड.
४. कोणत्या समूहात किती पाणी ठेवायचं आणि किती सोडायचं, हे तक्त्यानुसार निघतं. जायकवाडी जितकं रिकामं, तितका वरच्यांचा वाटा जास्त.

या सगळ्याची अंमलबजावणी करतं गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ. आदेश त्याच्या कार्यकारी संचालकांच्या सहीने निघतो. या महामंडळाचं मुख्यालय संभाजीनगरला आहे. "पाणी मागणाऱ्यांच्या गावातूनच आदेश निघतो" हा नाशिककरांचा जुना टोमणा यातूनच आलाय.

कायद्याच्या आणि आदेशाच्या विरोधात याचिका झाल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण २०१८ आणि २०२३ मध्ये पाणी सोडायला स्थगिती मिळाली नाही.

२०२३ मध्ये काय घडलं?

२०१९ ते २०२२ अशी सलग चार वर्षं पाऊस चांगला झाला आणि वाद झोपून राहिला. त्यातल्या पहिल्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, नाशिकला मोठा पूर आला आणि नाथसागर भरला. मग २०२३ उजाडलं. पावसाने दगा दिला आणि ऑक्टोबरमध्ये जायकवाडी निम्म्याच्याही खाली होतं.

३० ऑक्टोबर २०२३ ला ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्याची वाटणी अशी होती:

• मुळा समूह: २.१० टीएमसी
• प्रवरा समूह: ३.३६ टीएमसी
• गंगापूर समूह: ०.५० टीएमसी
• दारणा समूह: २.६४३ टीएमसी

बेरीज पाहिली तर बातम्यांच्या मथळ्यात 'नाशिक विरुद्ध मराठवाडा' असलं, तरी निम्म्याहून बरंच जास्त पाणी मुळा आणि प्रवरेचं, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं होतं. नाशिक शहर ज्यावर अवलंबून आहे त्या गंगापूर समूहाचा वाटा सहा टक्क्यांच्याही आत होता.

आदेश निघाला तरी पाणी लगेच निघालं नाही. नाशिक-नगरमध्ये विरोध झाला, मराठवाड्यात "आदेश झाला तर पाणी का अडवलं?" म्हणून रास्ता रोको झाला. कोर्टातली सुनावणी झाली आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विसर्ग सुरू झाला.

पाणी सोडणं म्हणजे नुसतं दार उघडणं नसतं. वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर पाणी तिथेच अडतं. नदीकाठच्या कृषिपंपांचा वीजपुरवठा बंद ठेवला जातो. काठावर पोलीस आणि पाटबंधारे खात्याचे कर्मचारी गस्त घालतात. ज्याच्या शेताला लागून पाणी वाहतंय आणि ज्याची मोटर बंद केलीय, त्या शेतकऱ्याला 'समन्यायी' हा शब्द कसा वाटत असेल, याची कल्पना करा. आणि कालव्याच्या शेपटाला, परभणीकडे, ज्याच्या शेतापर्यंत पाळी पोहोचतच नाही, त्यालाही तो शब्द कसा वाटत असेल, याचीही.

नाशिक-नगरचं म्हणणं काय?

पहिला मुद्दा वहनतुटीचा. सोडलेलं सगळं पाणी पैठणला पोहोचत नाही. कोरड्या पात्रात ते मुरतं, वाटेत उपसलं जातं. नाथसागर पसरट आणि उथळ आहे, त्यामुळे तिथे बाष्पीभवनही मोठं होतं. "वर ठेवलेलं पाणी वाचतं, खाली नेलेलं उडून जातं" असा हा युक्तिवाद.

दुसरा मुद्दा: नाशिक जिल्हा म्हणजे फक्त द्राक्षबागा आणि वाइनरी नाही. येवला, सिन्नर, चांदवड, नांदगाव हे तालुके कायम पाण्याच्या मागे पळतात. मनमाडच्या नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, हा तर जिल्ह्यातला कडवट विनोद झालाय. आणि जिथे पाऊस कोसळतो त्या त्र्यंबक, इगतपुरीतल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. धरणाच्या भिंतीजवळ राहून टँकरची वाट बघणं यासारखी दुसरी थट्टा नाही.

तिसरा मुद्दा शहरवाढीचा. सूत्र ठरलं तेव्हाचं नाशिक आणि आजचं नाशिक यात फरक आहे. त्यात सिंहस्थ असतो. २०१५ च्या सिंहस्थात शाही स्नानासाठी धरणातून पाणी सोडण्यावर उच्च न्यायालयाने प्रश्न उपस्थित केले होते. आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे.

मराठवाड्याचं म्हणणं काय?

मराठवाड्याचा पहिला मुद्दा: आम्ही भीक मागत नाही, नियोजनात ठरलेला वाटा मागतो. जायकवाडी बांधताना जे पाणी धरलं होतं, तेच वर अडवलं गेलं.

दुसरा मुद्दा पर्यायाचा. नाशिकच्या पश्चिमेला घाटमाथा आहे, पाऊस आहे. संभाजीनगर-जालन्याला नाथसागराशिवाय तितका मोठा दुसरा स्रोतच नाही. जायकवाडी मृतसाठ्यात गेलं की शेती तर बाजूलाच, शहरांचे नळही अडचणीत येतात.

तिसरा मुद्दा विलंबाचा. आदेश ऑक्टोबरअखेर निघतो आणि पाणी नोव्हेंबरअखेर येतं. तोपर्यंत पात्र आणखी कोरडं होतं आणि वहनतूट वाढते. "आधी तुम्हीच उशीर करायचा आणि मग तूट फार होते म्हणायचं" हा मराठवाड्याचा प्रतिटोला.

दोन्हीकडे एक अवघड प्रश्न मात्र सारखाच आहे: ऊस. वरच्या भागातही ऊस आणि खालच्या भागातही ऊस. टंचाईचं वाटप करताना टीएमसीवर भांडण होतं, पिकांवर क्वचितच होतं.

खरंच दोनच बाजू आहेत का?

नाही. दारणेचं बरंच पाणी गोदावरीच्या कालव्यांमधून कोपरगाव, राहात्याकडे, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात जातं. त्यामुळे नाशिक आणि नगर यांच्यातही आवर्तनावरून ओढाताण असते.

त्याहून गंमत म्हणजे इगतपुरी तालुक्यातली मुकणे, भावली, वाकी आणि भाम ही धरणं नांदूर मधमेश्वर जलद कालव्यासाठी बांधली गेली. हा कालवा पाणी देतो वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांना, म्हणजे मराठवाड्यालाच. माझ्या मामांच्या शेतावर येणारं पाणी नाशिकचंच आहे. जायकवाडीला पाणी सोडताना दारणा समूहातून जास्त पाणी गेलं, तर याच कालव्याचं काय, अशी धास्ती वैजापूरला असते. म्हणजे मराठवाड्यातलाच एक तालुका मराठवाड्याच्याच धरणाकडे थोड्या काळजीने बघतो.

व्हॉट्सअॅपवरचे तीन दावे

दावा १: "नाशिकचं पिण्याचं पाणी पळवतात." सूत्रात वरच्या धरणांची गरज लक्षात घेऊनच किती सोडायचं हे ठरतं. २०२३ चे आकडे वर दिलेच आहेत. शहराच्या गरजेचा अंदाज जुना झालाय का, हा वेगळा आणि रास्त प्रश्न आहे.

दावा २: "जायकवाडी भरलेलं असलं तरी पाणी मागतात." ६५ टक्क्यांच्या वर साठा असेल तर नियम लागूच होत नाही. जायकवाडी भरलेल्या वर्षांत असा आदेश निघत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तर नाथसागर भरून त्याचे दरवाजे उघडावे लागले होते.

दावा ३: "पाणी दारूच्या कारखान्यांना जातं." संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत मद्यनिर्मिती कंपन्या आहेत आणि त्यांना जायकवाडीचं पाणी मिळतं, हे खरं. पण एप्रिल २०१६ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने टंचाईमुळे या कंपन्यांच्या पाण्यात निम्म्याहून जास्त कपात करायला लावली होती. पिण्याचं पाणी आधी, उद्योग नंतर, हा क्रम कोर्टाने तेव्हा ठामपणे लावला. सोडलेलं सगळं पाणी कारखान्यांना जातं, हे म्हणणं टिकत नाही.

दोन राज्यांचं भांडण असतं तर?

इथे राज्यघटनेची भानगड समजून घ्यावी लागेल. पाणी हा राज्यसूचीतला विषय आहे. दोन राज्यांमध्ये नदीवरून वाद झाला, तर अनुच्छेद २६२ आणि १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्यानुसार केंद्र सरकार लवाद नेमतं.

गोदावरीसाठी असा लवाद १९६९ मध्ये न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आणि १९८० मध्ये अंतिम निवाडा आला. त्यानुसार पैठणपर्यंतच्या गोदावरीचं सगळं पाणी वापरायची मुभा महाराष्ट्राला आहे. पण ते पाणी नाशिकने किती आणि पैठणने किती घ्यायचं, यावर लवाद काही बोलत नाही. तो राज्याच्या घरातला प्रश्न.

नांदेडजवळचं बाभळी प्रकरण आठवा. तिथे महाराष्ट्र वरच्या बाजूला आणि तेव्हाचा आंध्र, आजचा तेलंगणा, खालच्या बाजूला. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधाऱ्याला मान्यता दिली, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायची अट घातली आणि केंद्रीय जल आयोगाच्या सहभागाने देखरेख समिती नेमली. तारीख ठरलेली, पंच ठरलेला. पावणेतीन टीएमसीच्या बंधाऱ्याला बाहेरचा पंच मिळाला, १०२ टीएमसीच्या जायकवाडीला नाही.

राज्यातल्या विभागांसाठी घटनेत काहीच नाही, असं मात्र नाही. अनुच्छेद ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं नेमता येतात आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर देता येते. याची मुळं १९५३ च्या नागपूर कराराइतकी जुनी आहेत. १९८४ मध्ये दांडेकर समितीने विभागांचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला आणि त्यात सिंचनाचा वाटा मोठा होता. १९९४ मध्ये ही मंडळं आली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा आणायचा निर्णय घेतला, पण अंतिम शब्द केंद्राचा असतो.

नाशिकची यातली अडचण वेगळीच आहे. नाशिक येतं 'उर्वरित महाराष्ट्रा'त, मुंबई आणि पुण्याच्या सोबत. सरासरी काढली की सुरगाणा आणि पेठचं मागासलेपण मुंबई-पुण्याच्या श्रीमंतीत बुडून जातं.

कॅनडात काय करतात?

भांडण विभागांचं असलं की कॅनडाचं उदाहरण हमखास निघतं, कारण तिथे १० प्रांत आहेत आणि प्रत्येकाचं काहीतरी दुखणं आहे. क्वेबेकने १९९५ मध्ये वेगळं होण्यावर सार्वमत घेतलं आणि ते अगदी थोडक्यात, ५०.५८ विरुद्ध ४९.४२ टक्क्यांनी फसलं. तेलसंपन्न अल्बर्टाची तक्रार उलटी: आम्ही कमावतो आणि केंद्राच्या समानीकरण निधीतून इतर प्रांतांना पैसे जातात. २०२१ मध्ये अल्बर्टातल्या मतदारांनी त्या तरतुदीविरोधात कौलही दिला.

पण हेच अल्बर्टा पाण्याच्या बाबतीत नाशिकच्या जागी आहे. रॉकी पर्वतातून निघणाऱ्या नद्या तिथून पूर्वेला सस्कॅचेवान आणि मग मॅनिटोबात जातात. १९६९ मध्ये तिन्ही प्रांत आणि केंद्र सरकारने एक करार केला. त्याचं साधं सूत्र: नदीच्या नैसर्गिक प्रवाहातला निम्मा वाटा अल्बर्टाने ठेवायचा, निम्मा पुढे जाऊ द्यायचा. सस्कॅचेवाननेही आपल्या वाट्यातलं तसंच निम्मं मॅनिटोबाकडे सोडायचं. पाणी प्रांतांच्या सीमेवर मोजलं जातं आणि मोजणीत केंद्राची यंत्रणा असते.

तिथे धरणातल्या साठ्याची टक्केवारी नाही, तर नदीचा प्रवाह वाटतात. पाऊस कमी झाला की दोघांचाही वाटा आपोआप कमी होतो. पेट्रोलवरून आणि करांवरून एकमेकांवर तुटून पडणारे हे प्रांत पन्नासहून जास्त वर्षं या करारात टिकून आहेत.

आपल्याकडे ते जसंच्या तसं आणता येणार नाही. तिथे माणसं विरळ आहेत आणि प्रत्येक प्रांताला स्वतःचं सरकार आहे, म्हणून करारावर सही करायला कुणीतरी असतं. नाशिक किंवा मराठवाड्याच्या वतीने सही कोण करणार? इथे दोन्ही विभागांचे मंत्री एकाच मंत्रिमंडळात बसतात. म्हणून सरकार बहुतेक वेळा कोणत्याही बाजूला दुखवायचं टाळतं आणि निर्णय कोर्टावर जातो.

मग मार्ग काय?

सरकारचं आवडतं उत्तर म्हणजे तुटीच्या खोऱ्यात नवं पाणी आणायचं. नाशिकच्या पश्चिमेला पेठ, सुरगाण्यात पडणारं बरंच पाणी दमणगंगा, पार, नार या नद्यांमधून अरबी समुद्राकडे जातं. ते उचलून गोदावरीत टाकायच्या योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहेत.

पण तिथेही केंद्र आणि राज्यांचा पेच आहे. २०१० मध्ये केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात दमणगंगा-पिंजाळ आणि पार-तापी-नर्मदा या नदीजोड प्रकल्पांसाठी सामंजस्य करार झाला. "आमचं पाणी गुजरातला" म्हणून महाराष्ट्रात ओरड झाली आणि राज्याने स्वतःच्या हद्दीतच नदीजोड करायचं धोरण घेतलं. २०२२ मध्ये गुजरातमधल्या आदिवासींच्या आंदोलनानंतर पार-तापी-नर्मदा थांबवावा लागला. पश्चिमेचं पाणी पूर्वेला आणायचं तर ते घाट चढवून उपसावं लागतं, वीज लागते, जमिनी जातात. 'समुद्रात वाहून जाणारं पाणी' आदिवासी पाड्यांच्या शिवारातूनच वाहत असतं, हेही विसरून चालत नाही.

दुसरा मार्ग सूत्र सुधारण्याचा. मेंढेगिरी सूत्राचा फेरविचार करायला नेमलेल्या मांदाडे समितीने ६५ टक्क्यांची अट खाली आणायची शिफारस केली. नाशिक-नगरला हा दिलासा वाटतो, मराठवाड्याला हक्कावर गदा वाटते.

तिसरा मार्ग कंटाळवाणा आहे, म्हणून त्यावर पोस्ट व्हायरल होत नाहीत: गळके कालवे दुरुस्त करणं, पाणी मोजून देणं, शहरांचं सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना देणं आणि उसाला ठिबक.

चौथा मार्ग बाभळी आणि कॅनडा या दोन्हीकडून घेता येईल. आकडे कोण मोजणार आणि पाणी कोणत्या तारखेला सुटणार, हे आधीच ठरवून टाकायचं. साठ्याचे आकडे दोन्हीकडच्या लोकांसमोर रोजच्या रोज खुले ठेवायचे. पाणी त्याने वाढणार नाही. पण ऑक्टोबरचा आदेश आणि नोव्हेंबरचं पाणी यांच्यातला जो महिना भांडणात जातो आणि ज्यात नदीचं पात्र आणखी कोरडं होतं, तेवढा तरी वाचेल.

पुढच्या वेळी काय बघायचं?

पाऊस कमी पडलेल्या वर्षी तीन तारखा लक्षात ठेवा. १५ ऑक्टोबर, जेव्हा हिशेब होतो. ऑक्टोबरअखेर, जेव्हा आदेश निघायला हवा. आणि पाणी प्रत्यक्ष सुटल्याची तारीख. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेत जितकं अंतर, तितका तो दुष्काळ राजकारणाने लांबवलेला समजायचा.

आणि फॅमिली ग्रुपवर कुणी "आमचं पाणी" असं लिहिलं, तर एकदा नकाशा उघडून बघा. नाशिकच्या गंगापूर धरणातून निघालेलं पाणी खाली ज्या तालुक्याच्या काठाने पैठणकडे जातं, त्या मराठवाड्यातल्या तालुक्याचं नावही गंगापूरच आहे.